टेबलावरचे काम वेळेत निकाली काढण्याविषयी: शासकीय कर्मचाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तहसील कार्यालय, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगर परिषद किंवा एखाद्या विभागाचे जिल्हास्तरीय कार्यालय अशा ठिकाणी स्वतंत्र टेबल सांभाळणाऱ्या लिपिक, वरिष्ठ सहायक आणि अव्वल कारकून यांच्या मनात येणारे प्रश्न येथे घेतले आहेत. वैयक्तिक कार्यक्षमतेविषयीचे बहुतेक लेखन खासगी कंपन्यांतील नोकरदारांना समोर ठेवून केलेले असते. ज्याच्या कामाचा ओघ आवक शाखा ठरवते आणि ज्याच्या कामाचा शेवट दुसऱ्याच्या सहीने होतो, अशा कर्मचाऱ्याला त्यातील थोडेच उपयोगी पडते.

दिवसभर मान वर न करता काम करूनही शिल्लक काम कमी का होत नाही?

कामाचा वेग कमी पडतो, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात बहुतेक टेबलांवर शिल्लक नेमकी किती आहे, याचा आकडाच कोणाजवळ नसतो. समजा, एखाद्या टेबलावर आठवड्याला ४० टपाले येतात आणि ३८ निकाली निघतात. फरक अवघा २ चा असल्याने तो कोणाच्या लक्षात येत नाही. पण वर्षअखेरीस त्याच टेबलावर शंभरावर प्रकरणे साचलेली असतात. शिवाय साचलेले प्रकरण स्वस्थ बसत नाही. अर्जदार चौकशीला येतो, नंतर वरिष्ठ कार्यालयात तक्रार करतो, तेथून अहवाल मागवला जातो, त्या अहवालासाठी स्मरणपत्र येते आणि शेवटी माहिती अधिकाराखाली अर्ज दाखल होतो. मूळ अर्जावर अर्ध्या तासात उत्तर देता आले असते. आता त्याच अर्जापोटी चार कागद टेबलावर आले आहेत आणि चारही वेगवेगळ्या तारखांना नोंदले गेले आहेत. अशा टेबलावर बसलेला माणूस खरोखरच दिवसभर राबत असतो, पण त्याच्या श्रमाचा मोठा वाटा जुन्या विलंबाचे खुलासे करण्यात जातो.

म्हणून पहिले काम मोजणीचे आहे. सर्व कपाटे, खण आणि खिडकीतील गठ्ठे उघडून निर्णय न झालेल्या प्रत्येक प्रकरणाची एकच यादी करावी. यास एखादा पूर्ण दिवस लागू शकतो आणि त्या दिवशी नवे काम जवळजवळ होत नाही, हे वरिष्ठांना आधी सांगून ठेवावे.

कार्यविवरण नोंदवही तपासणीपुरती भरली तर चालत नाही का?

अनेक कार्यालयांत वार्षिक तपासणीची तारीख लागली की ही नोंदवही दोन-तीन दिवस बसून एका शाईत आणि एका हस्ताक्षरात लिहून काढली जाते. तपासणी अधिकाऱ्यालाही ते पाहताक्षणी कळते, आणि बहुधा तोही काही बोलत नाही. यात नुकसान होते ते नोंदवही भरणाऱ्याचेच. कागद कधी आला, कोणाकडून आला, विषय काय होता, त्यावर काय केले आणि तो कोणत्या तारखेस निकाली निघाला, एवढे रोजच्या रोज नोंदले तर आपल्याकडे काय बाकी आहे हे आठवत बसावे लागत नाही. आठवड्याच्या गोषवाऱ्यातील मागील शिल्लक, नवी आवक, निकाली आणि अखेरची शिल्लक हे चार आकडे पाहिले की टेबल कोणत्या दिशेने चालले आहे ते समजते. लागोपाठ तीन आठवडे शिल्लक वाढत असेल, तर आपल्या कामाच्या पद्धतीत किंवा कामाच्या वाटपात काही तरी बदलावे लागणार, हे त्यातून स्पष्ट होते.

सहा गठ्ठे पद्धतीचा रोजच्या कामाशी काय संबंध आहे? ती अभिलेख लावण्याची पद्धत नाही का?

हा गैरसमज सार्वत्रिक आहे, म्हणून याचे उत्तर थोडे सविस्तर द्यावे लागेल. या पद्धतीत टेबलावरील सर्व कागदांची विभागणी प्रलंबित प्रकरणे, प्रतीक्षाधीन प्रकरणे, नियतकालिके (म्हणजे ठरावीक मुदतीने पाठवायची विवरणे), स्थायी आदेश संचिका (म्हणजे विषयवार लावलेले शासन निर्णय), अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणे आणि नष्ट करायची ‘ड’ वर्गातील कागदपत्रे अशा सहा गठ्ठ्यांत केली जाते. शेवटचे दोन गठ्ठे अभिलेखाचे आहेत हे खरे; परंतु पहिले चार पूर्णपणे रोजच्या कामाचे आहेत, आणि या पद्धतीचा खरा फायदा पहिल्या दोन गठ्ठ्यांच्या फरकात आहे. ज्या प्रकरणात पुढचे पाऊल आपल्याला टाकायचे आहे ते प्रलंबित, आणि ज्यात आपण पत्र पाठवून दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहत आहोत ते प्रतीक्षाधीन. हे दोन एकत्र ठेवले की रोज सकाळी शंभर संचिका चाळाव्या लागतात आणि त्यांपैकी साठांवर आज काहीच करता येत नाही असे लक्षात येते. दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच साठ हाताखालून जातात.

कागद आणि कार्यालय यांची शिस्तशीर मांडणी केली की कामाचा वेग वाढतो, हे १९८० च्या दशकात अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी करून दाखवले आणि ती कार्यपद्धती ‘लखिना पॅटर्न’ म्हणून राज्यभर ओळखली गेली. पुढे पुणे विभागाचे विभागीय आयुक्त असताना चंद्रकांत दळवी यांनी ‘शून्य प्रलंबितता आणि दैनंदिन निर्गती’ या नावाने हाच धागा पुढे नेला. या मोहिमांत जुन्या कागदांचे वर्गीकरण आणि साफसफाई आधी हाती घेतली जाते, याला कारण आहे. कपाटातील कोणता कागद जिवंत आहे आणि कोणता संपलेला, हे ठरल्याशिवाय प्रलंबित कामाचा खरा आकडा निघत नाही.

वर्गीकरण करताना ‘अ’ वर्ग कायम, ‘ब’ वर्ग ३० वर्षे, ‘क-१’ वर्ग १० वर्षे, ‘क’ वर्ग ५ वर्षे आणि ‘ड’ वर्ग १ वर्ष जतन करावयाचा असतो. प्रकरण बंद करतानाच टिपणीच्या शेवटी वर्ग लिहिण्याची सवय ठेवली तर पाच वर्षांनी दुसऱ्या कोणाला ती संचिका पहिल्या पानापासून वाचावी लागत नाही.

प्रतीक्षाधीन गठ्ठा फुगतच जातो. दुसऱ्याने उत्तर दिले नाही, तर त्यात आपला काय दोष?

दोष नसेल, पण प्रकरण आपलेच आहे. येथे दोन गोष्टींनी मोठा फरक पडतो. पहिली म्हणजे प्रत्येक प्रतीक्षाधीन संचिकेच्या वर पुढील पाठपुराव्याची तारीख लिहिणे आणि गठ्ठा त्या तारखांच्या क्रमाने लावणे. असे केल्यावर सकाळी फक्त वरच्या, त्या दिवशीच्या संचिका काढायच्या असतात. बाकीच्यांकडे पाहायचे कारण नाही.

दुसरी गोष्ट पत्राच्या मजकुराची आहे. ‘उपरोक्त विषयाबाबत अहवाल तात्काळ सादर करावा’ एवढेच लिहिलेले पत्र ज्याला मिळते त्याला नेमके काय पाठवायचे हे कळत नाही, आणि न कळणारा कागद प्रत्येक जण गठ्ठ्याच्या तळाशी सरकवतो. कोणते मुद्दे हवेत, कोणत्या नमुन्यात हवेत, कोणती कागदपत्रे जोडायची आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहिले तर उत्तर लवकर येते आणि अपुरे आले म्हणून पुन्हा पत्र पाठवण्याची वेळही कमी वेळा येते. दोन स्मरणपत्रांनंतर तिसरे त्याच मजकुराचे काढू नये. दूरध्वनी करावा, बोलणे झाल्याची तारीख टिपणीत नोंदवावी, आणि तरीही उपयोग झाला नाही तर वरिष्ठांच्या सहीचे अर्धशासकीय पत्र, म्हणजे समोरच्या अधिकाऱ्याला नावाने लिहिलेले पत्र, प्रस्तावित करावे. केवळ ‘आम्ही सात स्मरणपत्रे पाठवली’ असे दाखवता यावे म्हणून स्मरणपत्रे काढत राहणे हा स्वतःचा बचाव झाला. प्रकरण त्याने पुढे सरकत नाही.

संचिका किती दिवस आपल्याकडे ठेवता येते?

सर्वसाधारणपणे कामाचे सात दिवस. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध करणारा महाराष्ट्राचा २००५ चा अधिनियम, ज्याला सगळे दप्तर दिरंगाई कायदा म्हणतात, त्याच्या कलम १० मध्ये ही मर्यादा दिली आहे. तात्काळ स्वरूपाची संचिका शक्यतो त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी आणि तातडीची संचिका चार दिवसांत निकाली काढावी, तसेच दुसऱ्या विभागाकडे पाठवण्याची गरज नसलेल्या प्रकरणात ४५ दिवसांत व अशी गरज असलेल्या प्रकरणात तीन महिन्यांत निर्णय व्हावा, असेही त्यात म्हटले आहे. न्यायप्रविष्ट बाबी आणि मोठे धोरणात्मक निर्णय यांसारख्या काही गोष्टी या तरतुदीतून वगळल्या आहेत. हेतुपुरस्सर विलंब केल्यास शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते.

या कलमाची भीती बाळगण्यापेक्षा त्याचा आधार घेणे अधिक शहाणपणाचे ठरते. आपण संचिका कोणत्या दिवशी पुढे पाठवली याची हालचाल नोंदवहीत तारखेसह नोंद असेल, तर विलंब कोठे झाला याचा वाद आपल्या टेबलावर येऊन थांबत नाही.

सगळेच कागद ‘तातडीचे’ असतात. क्रम कसा लावावा?

आधी कायद्याने मुदत ठरवलेले कागद, मग ज्यांच्यावाचून एखाद्याचे पैसे, दाखला किंवा निवृत्तिवेतन अडले आहे ते, आणि त्यानंतर बाकीचे. पहिल्या गटात माहिती अधिकार अर्ज येतात, ज्यांना ३० दिवसांची मुदत आहे. अर्जाचा विषय दुसऱ्या प्राधिकरणाचा असेल तर तो ५ दिवसांत हस्तांतरित करावा लागतो, आणि नेमका हाच कागद अनेकदा पंचविसाव्या दिवशी उघडला जातो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित झालेल्या सेवा, न्यायालयातील शपथपत्रे आणि विधिमंडळाचे प्रश्न हेही याच गटातले. नागरिकांच्या तक्रारी ऐकण्यासाठीचा जिल्हा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, तेव्हा त्यासाठीचे अहवाल आदल्या शुक्रवारी धावपळ करून लिहिण्याचे कारण नसते. तारीख वर्षभर आधीपासून ठाऊक असते.

कागदावर लाल शाईने ‘अतितात्काळ’ लिहिले आहे म्हणून तो तातडीचा होत नाही. तो उद्यापर्यंत थांबला तर कोणाचे काय नुकसान होईल, हे विचारून पाहावे.

अभ्यागत, दूरध्वनी आणि व्हॉट्सअ‍ॅप गट यांतून सलग काम कसे करावे?

पूर्ण सुटका नाही, आणि अभ्यागतांच्या बाबतीत ती अपेक्षितही नाही, कारण तीस-चाळीस किलोमीटरवरून एसटीने आलेल्या माणसाला भेटणे हेच आपले काम आहे. परंतु भेटीची वेळ ठरवून ती दर्शनी भागात लावता येते, आणि ती कसोशीने पाळली तर काही आठवड्यांत लोक त्याच वेळेस येऊ लागतात. ‘साहेब दौऱ्यावर आहेत, पुढच्या आठवड्यात या’ या उत्तराऐवजी प्रकरण कोठे आहे, कोणता कागद कमी आहे आणि कोणत्या तारखेनंतर यावे हे एका चिठ्ठीवर लिहून दिले तर त्याच्या पुढच्या एक-दोन खेपा वाचतात आणि आपलाही तेवढा वेळ वाचतो.

व्हॉट्सअ‍ॅपचे दुखणे वेगळे आहे. एका गटावर तालुक्याची माहिती मागवली जाते, दुसऱ्यावर तीच वेगळ्या तक्त्यात, आणि मध्ये शुभेच्छांचे संदेश. येथे सूचनांचा आवाज बंद ठेवून ठरावीक वेळांना, उदाहरणार्थ अकरा, दीड आणि साडेचारला, गट पाहावेत. निवडणूक, पूरस्थिती किंवा अधिवेशनाच्या काळात हा नियम अर्थातच बाजूला ठेवावा लागतो. संशोधक सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवून दिले की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळल्यावर मनाचा काही भाग पहिल्याच कामात गुंतून राहतो आणि दुसरे काम खालावते. सेवापुस्तकातील वेतननिश्चिती करताना ज्याने मध्येच फोन घेतला आहे, त्याला यासाठी संशोधनाची गरज नाही. म्हणून आकडेमोडीची आणि नियम तपासण्याची कामे सकाळच्या पहिल्या तासाभरात, टपाल टेबलावर येण्यापूर्वी, हाती घ्यावीत.

टिपणी लिहिण्यात फार वेळ जातो आणि तरी ती परत येते. काय चुकते?

टिपणी परत येते तेव्हा बहुधा तिच्यात निर्णय घेण्यासाठी लागणारी एखादी गोष्ट नसते. आधीच्या पत्रव्यवहाराची चार पाने उतरवून शेवटी ‘आदेशार्थ सादर’ लिहिले की वाचणाऱ्या अधिकाऱ्याला संचिका स्वतःच वाचावी लागते. त्याला तेवढा वेळ नसतो, म्हणून तो ‘चर्चा करावी’ असा शेरा मारतो आणि एक आठवडा जातो. विषय काय आहे, संबंधित नियम किंवा शासन निर्णय काय म्हणतो व तो कोणत्या पृष्ठावर लावला आहे, या प्रकरणात वस्तुस्थिती काय आहे, कोणते पर्याय आहेत आणि कार्यालयाचा प्रस्ताव काय, एवढे एका-दीड पानात मांडावे. मंजुरी अपेक्षित असेल तर पत्राचा मसुदाही टिपणीसोबतच ठेवावा. टिपणी मंजूर होऊन परत येणार, मग मसुदा करणार, मग तो पुन्हा सहीसाठी जाणार, यात एक पूर्ण फेरी उगाच वाढते.

स्वतःचे मत न लिहिण्याची सवय हा सावधपणा समजला जातो. माझ्या मते ती वेळ खाणारी सर्वांत मोठी सवय आहे. नियम दाखवून स्पष्ट प्रस्ताव देणाऱ्या लिपिकाची संचिका एकाच फेरीत सुटते, आणि प्रस्ताव अमान्य झाला तरी निर्णय तर होतो.

यासाठी स्थायी आदेश संचिका अद्ययावत असायला हवी. विषयवार शासन निर्णय एकत्र लावलेले नसतील तर प्रत्येक टिपणीच्या वेळी ते संकेतस्थळावर नव्याने शोधावे लागतात, आणि शोधताना अधिक्रमित झालेला जुना निर्णय हाती लागण्याचा धोकाही असतोच.

टंकलेखनाचा वेग वाढवल्याने फरक पडेल का?

थोडा. नेमणुकीसाठी मराठीत मिनिटाला ३० शब्दांचा वेग पुरतो आणि टेबलाच्या कामालाही तो पुरतो. त्यापेक्षा वारंवार लागणाऱ्या पत्रांचे नमुने युनिकोडमध्ये तयार करून ठेवल्यास अधिक वेळ वाचतो. फक्त मागच्या पत्रातील नाव आणि जावक क्रमांक तसाच राहिलेला नाही ना, हे सही होण्यापूर्वी पाहावे.

ई-ऑफिस आल्यावर हे सगळे कालबाह्य होणार नाही का?

ई-ऑफिसमुळे संचिका कोणाकडे किती दिवस आहे हे लपत नाही, ती गहाळ होत नाही आणि शिपायाची वाट पाहावी लागत नाही. परंतु संगणकाच्या आवक पेटीतही प्रलंबित आणि प्रतीक्षाधीन प्रकरणे एकत्रच पडलेली असू शकतात, आणि तेथे ती गठ्ठ्यासारखी डोळ्यांसमोर येत नाहीत. कागदी आणि संगणकीय अशा दोन्ही संचिका चालू असण्याचा मधला काळ सर्वांत त्रासाचा असतो. त्या काळात कार्यविवरण नोंदवही एकच ठेवावी आणि दोन्हीकडील प्रकरणे तीतच नोंदवावीत.

दोन टेबलांचा कार्यभार असेल तर काय करावे?

रिक्त पदांमुळे ही स्थिती आज अपवाद राहिलेली नाही, आणि तिला केवळ अधिक मेहनतीचे उत्तर देणे योग्य नाही. अतिरिक्त कार्यभार स्वीकारताना त्या टेबलाची शिल्लक मोजून लेखी घ्यावी. नंतर पहिल्या आठवड्यात मुदतीची प्रकरणे आणि नियतकालिके यांची यादी करून वरिष्ठांना दाखवावी व कोणती कामे उशिरा होणार आहेत ते त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावे. दोन्ही टेबलांचे काम दिवसभर मिसळून करण्यापेक्षा जेवणाच्या सुटीपूर्वी एक आणि नंतर दुसरे असे केल्यास चुका कमी होतात. दोन महिन्यांचे साप्ताहिक गोषवारे हाताशी असतील तर कामाचे फेरवाटप मागताना आकडे बोलतात. नुसती तक्रार केली तर ‘सगळ्यांचीच हीच स्थिती आहे’ हे उत्तर ठरलेले असते.

शनिवार-रविवारी येऊन काम उरकावे का?

२९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासकीय कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि त्याच्या मोबदल्यात रोजची वेळ वाढवून पावणेदहा ते सव्वासहा करण्यात आली. साचलेल्या कागदांची मोजणी किंवा अभिलेख वर्गीकरण यांसाठी एखादा शनिवार द्यायला हरकत नाही. दर शनिवारी यावे लागत असेल, तर आवक आणि निकाली यांतील फरक कायमचा झाला आहे, आणि तो गोषवाऱ्यासह वरिष्ठांपुढे मांडायला हवा. सुटीच्या दिवसांचे काम कोणत्याही नोंदवहीत दिसत नाही, त्यामुळे टेबल सुरळीत चालले आहे असा वरिष्ठांचा समज होतो आणि मदत मिळण्याची शक्यता आणखी कमी होते.

बदली झाल्यावर कार्यभार सोपवताना किती तपशील द्यावा?

प्रलंबित आणि प्रतीक्षाधीन प्रकरणांची यादी, प्रत्येकासमोर पुढील पाऊल एका ओळीत, येत्या दोन महिन्यांतील नियतकालिकांच्या आणि न्यायालयीन तारखा, कपाटांच्या किल्ल्या, संगणकावरील नमुन्यांची जागा, आणि ज्या संचिका दुसऱ्या कार्यालयांत गेल्या आहेत त्यांच्या पोचपावत्या. यादीवर देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांच्या सह्या घेऊन एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. कार्यविवरण नोंदवही रोज भरली असेल तर ही यादी दुपारपर्यंत तयार होते.